न घेतलेले बचाव

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



महाराष्ट्रात व्याख्यानमालांची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून कायद्याच्या क्षेत्रातील कितीतरी मंडळी अशा व्यासपीठांवरून बोलून गेली; पण ती बहुधा राज्यघटनेवर, नागरिकांच्या हक्कांवर, नाहीतर गाजलेल्या फौजदारी खटल्यांवर बोलली. अपघातात दगावलेल्या माणसाच्या विधवेसमोर उभे राहून ‘अर्जातील मजकूर खरा व बरोबर नाही, तो या सामनेवाल्यास मान्य व कबूल नाही’ असे म्हणण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या विमा कंपनीच्या वकिलापाशी चार माणसांनी ऐकावे असे काय असणार, ही शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती शंका मला मुळीच अनुचित वाटत नाही, आणि आजचे व्याख्यान म्हणजे तिला दिलेली माझी कैफियत आहे असे समजावे.

ज्या न्यायासनासमोर माझा व्यवसाय झाला त्याचे नाव मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. नाव भारदस्त असले, तरी ते भरते जिल्हा न्यायालयाच्याच इमारतीत, जिल्हा न्यायाधीशांच्याच दालनात. फरक असतो तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांत. वाटपाचा किंवा हद्दीचा कज्जा चालवणारा पक्षकार कोर्टाला सरावलेला असतो. पुष्कळदा तर वडिलांनी लावलेला दावाच तो पुढे ओढीत असतो. अपघाताच्या अर्जातली माणसे मात्र आजवर कोर्टाची पायरी न चढलेली, आणि जिच्याविषयी आज बोलायचे तिला अजून वर्षही झालेले नाही अशा एखाद्या घटनेने तेथवर आणून सोडलेली असतात. समोरच्या बाजूस कागदोपत्री चालक, मालक व विमा कंपनी असे तीन सामनेवाले असले, तरी चालक नोटीस लागूनही येत नाही, मालक पहिल्या तारखेस वकीलपत्र देऊन नंतर दिसेनासा होतो, कारण पैसे कंपनीच भरणार हे त्याला ठाऊक असते. आणि मग ज्या पक्षाला अपघाताची स्वतःची काहीच माहिती नाही, जो त्या रस्त्यावर नव्हता, ज्याने ना ब्रेक दाबला ना हॉर्न वाजवला, त्या कंपनीचा वकील एकटा बचावासाठी उभा राहतो.

या एकट्या उभ्या राहणाऱ्या माणसाची योग्यता कशावरून ठरवावी? व्यवसायात लौकिक आहे तो अर्ज फेटाळून आणणाऱ्याचा, रक्कम निम्म्यावर आणणाऱ्याचा, उलटतपासात साक्षीदाराला गप्प करणाऱ्याचा. या सर्व गोष्टींना त्यांच्या जागी मूल्य आहे. परंतु आयुष्यभर हेच काम करून जो एक विचार माझ्या मनात दृढ झाला तो असा की, बचाव पक्षाच्या वकिलाची परीक्षा त्याने घेतलेल्या बचावांपेक्षा, हाताशी असूनही त्याने न घेतलेल्या बचावांवरून करावी. हे भाबड्या दयाबुद्धीचे विधान वाटू नये म्हणून, अपघातविषयक कायद्याचा इतिहासच साक्षीस बोलावण्याची मुभा मी आपणांकडे मागतो. कारण हा सारा इतिहास म्हणजे एकेकाळी शिष्टसंमत असलेले बचाव कायद्याने एकामागून एक कसे खोडून टाकले याची बखर आहे.

प्रारंभ करू तो १८०८ साली इंग्लंडात झालेल्या एका निकालापासून. घोडागाडी उलटून एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली आणि सुमारे महिन्याने निवर्तली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी असा निवाडा दिला की, पत्नी जिवंत होती तोवरच्या काळासाठी पतीला भरपाई मिळेल, परंतु मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे. या तत्त्वाचा व्यावहारिक अर्थ असा की, माणसाला पंगू करणे महाग आणि ठार करणे स्वस्त! ‘माणूस मेला, दावा सरला’ हा बचाव पुढे जवळजवळ चाळीस वर्षे इंग्लंडातील विद्वान वकील निःसंकोच घेत राहिले. आगगाड्या धावू लागल्या, अपघातांत घरेच्या घरे उघडी पडू लागली, तेव्हा लॉर्ड कँपबेल यांच्या पुढाकाराने १८४६ साली कायदा होऊन तो बचाव संपला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि अवघ्या दोन वर्षांत, १८५५ चा प्राणांतिक अपघातांविषयीचा कायदा येथेही आला, ज्याने मयताची पत्नी, पती, आईबाप व मुले यांना दावा करण्याचा अधिकार दिला.

दुसरा बचाव होता तो सहकाऱ्याच्या चुकीचा. १८३७ साली एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा केला. दुसऱ्या नोकराने बेसुमार माल लादलेली गाडी मोडून याच्या मांडीचे हाड मोडले होते. कोर्टाने म्हटले की, नोकरीत शिरताना सहकाऱ्यांच्या हलगर्जीपणाचा धोका नोकराने पत्करलेलाच असतो. गिरण्या-कारखान्यांच्या युगात या एका वाक्याने किती हात आणि किती पाय बिनमोलाचे ठरवले असतील याची कल्पनाच करावी. आपल्याकडे १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला, आणि कामावर असताना झालेल्या अपघातापुरता हा प्रश्न दोषाच्या चर्चेतूनच बाहेर निघाला. तिसरा बचाव जखमी माणसाच्या स्वतःच्या दोषाचा. त्याचा रतिभर दोष निघाला, तरी त्याला छदामही मिळू नये असा जुना इंग्लिश नियम होता. इंग्लंडात तो १९४५ च्या कायद्याने गेला, आणि आपल्या न्यायालयांनीही दोषाच्या प्रमाणात रक्कम विभागून देण्याचे तत्त्व अंगीकारले.

आता मोटारीकडे वळू. विमा हा मालक आणि कंपनी यांच्यातील करार. रस्त्याने चालणारा तिऱ्हाईत त्या कराराला पक्षकार नाही, सबब त्याने कंपनीकडे बोट दाखवू नये, हा युक्तिवाद कराराच्या कायद्याने निर्दोष होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १९४६ साली अमलात आले आणि तिऱ्हाइताला कंपनीकडून रक्कम वसूल करण्याचा मार्ग खुला झाला. एवढेच नव्हे, तर कॅप्टन इतबारसिंग प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले की, कायद्यात मोजून दिलेले बचाव सोडले, तर विमा कंपनीला स्वतःच्या नावाने दुसरा कोणताही बचाव घेता येणार नाही. मालकाने अर्जाला विरोध करण्याचे सोडून दिले किंवा अर्जदाराशी संगनमत केले, तर न्यायाधिकरणाच्या परवानगीनेच तिला अन्य मुद्द्यांवर लढता येई. १९५६ च्या दुरुस्तीने या न्यायाधिकरणांची तजवीज झाली. १९८२ साली दोष कोणाचा हे न पाहता मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद आली. १९९४ साली अर्ज करण्याची मुदतच काढून टाकण्यात आली. वर्षे बदलत गेली तशी आमची शस्त्रे कमी होत गेली. आणि आश्चर्य असे की, प्रत्येक शस्त्र हिरावले गेले तेव्हा विम्याचा धंदा बुडेल असे भाकीत झाले, आणि प्रत्येक वेळी धंदा वाढला.

या क्रमातील एक प्रकरण आपल्याच सातारा जिल्ह्यातले आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर एका पेट्रोलच्या टँकरची आणि एका मालट्रकची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून कलंडला आणि त्यातून पेट्रोल वाहू लागले. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला, आणि तोवर भोवती जमलेली माणसे भाजली, काही दगावली. दोषनिरपेक्ष रकमेचा अर्ज आला तेव्हा बचाव असा घेण्यात आला की, चार तास निश्चल पडलेला टँकर ‘वापरात’ होता असे म्हणताच येणार नाही, म्हणून हा स्फोट म्हणजे वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघातच नव्हे. तर्क चातुर्याचा होता यात शंका नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९१ साली तेथे अमान्य झाला: वापर या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, पहाटेची टक्कर आणि सकाळचा स्फोट यांचा संबंध तुटलेला नाही, असा निर्णय झाला. या निकालाने कायदा स्पष्ट झाला हे खरे. पण मी जेव्हा जेव्हा तो वाचतो तेव्हा मला आठवते ते एवढेच की, अर्जदाराला तातडीने मिळावी म्हणून संसदेने ठरवून दिलेली ती रक्कम मृत्यूपोटी १५,००० रुपयांची होती, आणि ती देय आहे काय एवढे ठरायला १९९१ साल उजाडले.

येथे कोणी विचारील की, मग बचाव पक्षाने हात जोडून उभे राहावे काय? मुळीच नाही. विमा कंपनीची तिजोरी म्हणजे कोणा शेठजीची खाजगी थैली नव्हे. हजारो वाहनधारकांनी भरलेल्या हप्त्यांचा तो सामायिक निधी आहे. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या, तेव्हापासून तर त्याला सार्वजनिक निधीचेच स्वरूप आले, आणि पुढे खाजगी कंपन्या परत आल्या तरी निधीचा हा धर्म बदललेला नाही. त्यातून खोट्याला दिलेला रुपया खऱ्याच्या वाट्यातून जातो. आणि खोटे नसते असे नाही. अज्ञात वाहनाने ठोकरल्याची खबर पहिल्या दिवशी दिली जाते. पुढे दीड-दोन महिन्यांनी एक प्रत्यक्षदर्शी उगवतो, त्याला वाहनाचा क्रमांक तोंडपाठ असतो, ते वाहन नेमके विमा उतरवलेले आणि नेमके अर्जदाराच्या पाहुण्याच्या मालकीचे निघते. अशा वेळी घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा तपासणी अहवाल, इस्पितळातील पहिल्या नोंदीचा कागद आणि पुरवणी जबाबाची तारीख ही चार कागदपत्रे शेजारी-शेजारी ठेवून जो वकील निर्दयपणे उलटतपास घेतो, तो समाजाचे काम करतो असे मी म्हणेन.

तीच गोष्ट पॉलिसीच्या वेळेची. सकाळी अपघात व्हावा आणि दुपारी मालकाने एजंटाकडे धाव घेऊन त्याच तारखेची पॉलिसी काढावी, असे प्रकार घडत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, त्या तारखेची पॉलिसी त्या दिवसाच्या आरंभापासूनच लागू धरावी. पुढे खुलासा झाला की, पॉलिसीवर विवक्षित वेळ नमूद असेल तर जोखीम त्या वेळेपासूनच सुरू होते. कव्हर नोटवरचा ‘१४.३०’ हा बारीक अक्षरातला आकडा आणि खबरी जबाबातला ‘सकाळी नऊच्या सुमारास’ हा मजकूर न्यायाधीशांसमोर एकत्र ठेवणे, हा बचाव घेतलाच पाहिजे. तो न घेणारा वकील दयाळू ठरत नाही, तो आपल्या कामास चुकतो.

या कामाचा खरा गाभा मात्र मोजमापात आहे. गेलेल्या माणसाचे मोल पैशात करता येत नाही हे वाक्य प्रत्येक निकालपत्रात असते, आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदात ते केलेले असते. कारण त्याला पर्याय नाही. समजा, ३२ वर्षांचा एक सुतार, स्वतःचा धंदा, महिना १५,००० मिळकत; मागे पत्नी, दोन मुले, आई. वार्षिक मिळकत १,८०,०००. घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात २०१७ साली ठरवल्याप्रमाणे पुढील वाढीपोटी शेकडा ४० मिळवून २,५२,०००. चार अवलंबून असल्याने स्वतःवरच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा जाता १,८९,०००. आणि २००९ च्या सरला वर्मा निकालातील कोष्टकाप्रमाणे या वयाचा गुणक १६. म्हणजे ३०,२४,००० रुपये. पंचविशीच्या आतील मयतास गुणक १८, पासष्टीच्या पुढे ५. आपणांस हे अंकगणित रुक्ष वाटेल. पण हे कोष्टक येण्यापूर्वी एकाच वयाच्या, एकाच मिळकतीच्या दोन माणसांच्या वारसांना दोन शेजारच्या कोर्टांत दुपटी-तिपटीच्या फरकाने रकमा मिळत, आणि ते रुक्षतेहून फार वाईट होते.

आता शेतकरी गेला तर? येथे बचाव पक्षाचा एक वाजवी मुद्दा आहे: जमीन जागेवर आहे, ती वारसांकडे आली, सबब गेले ते उत्पन्न नसून देखरेख होय. सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व मानले आहे. अशाच एका अर्जात मी एका बाईंचा उलटतपास घेत होतो. साखर कारखान्याची ऊसबिले आणि दूध संस्थेचे पावतीपुस्तक त्यांनी हजर केले होते.

“ऊस यंदाच्या हंगामातही कारखान्याला गेला ना?”

“गेला.”

“बिल कोणाच्या नावे निघालं?”

“मामंजींच्या.”

“म्हणजे शेती चालू आहे.”

“चालू हाय की. पण लाईट रात्रीची येती. रात्री पाणी पाजायला ह्येच जायचे. आता गडी लावलाय, तो रात्रीचं जादा घेतो, आन पावसाळ्यात येतच न्हाई.”

देखरेखीचे मूल्य किती, या प्रश्नावर मी पुस्तकांतून काढलेल्या निवाड्यांपेक्षा हे उत्तर अधिक प्रमाणभूत होते. रात्रीच्या गड्याची मजुरी, दिवसाच्या मुकादमाची मजुरी, दुभत्या जनावरांची निगा, यांची बेरीज करून आकडा निघू शकत होता आणि तो बाईंनी मागितलेल्या रकमेपेक्षा कमी, पण आमच्या कैफियतीतील रकमेपेक्षा बराच अधिक येत होता. ‘रात्री पाणी तुमचा नवराच पाजत होता याला पुरावा काय’ असा पुढचा प्रश्न माझ्या टिपणात लिहिलेला होता. तो विचारण्याचा मला पूर्ण अधिकार होता, आणि गावाकडच्या रात्रीच्या पाण्याला लेखी पुरावा नसतो हे मला ठाऊकही होते. मी उलटतपास तेथेच संपवला आणि युक्तिवादात ती मजुरी हिशेबात धरूनच आमचा आकडा मांडला.

अपंगत्वाच्या मोजमापात हाच विवेक लागतो. कोल्हापूरच्या गूळबाजारातील एका हमालाच्या उजव्या खांद्याला दुखापत झाली; डॉक्टरांच्या दाखल्यात ‘उजव्या हाताचे शेकडा ३५’ असे अपंगत्व लिहिलेले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना पिंजऱ्यात उभे करून, हे प्रमाण एका अवयवाचे असून संपूर्ण शरीराचे ते जेमतेम १२ भरेल, असे कबूल करून घेणे हा या धंद्यातील ठरलेला शिरस्ता. परंतु ज्याला खांद्यावर गुळाचा रवा चढवता येत नाही, तो हमाल शेकड्यातील किती हमाल उरला? शारीरिक हानी निराळी व मिळकतीची हानी निराळी, आणि दुसरी मोजायची ती व्यवसाय पाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार प्रकरणात विस्ताराने सांगितले. एखाद्या पेढीवर बसून जमाखर्च लिहिणाऱ्या गुमास्त्याचा तोच खांदा आणि हमालाचा तोच खांदा, यांची किंमत एक नव्हे. विचारी वकिलाला हे समजण्यासाठी निकालपत्राची वाट पाहावी लागू नये.

गृहिणीचे उदाहरण तर आमच्या व्यवसायाला लाज वाटावी असे आहे. ‘मयत घरीच असे, मिळकत शून्य’ हे वाक्य वर्षानुवर्षे कैफियतींतून छापल्यासारखे येत राहिले. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपुरात एका समारंभाच्या मंडपाला आग लागून ६० माणसे दगावली, त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. भरपाई ठरवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवले, आणि पुढे २००१ साली, लता वाधवा प्रकरणात, गृहिणी घरासाठी जी सेवा करते तिचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरावे असे न्यायालयाने ठरवले. आकडा आज अल्प वाटेल, आणि नंतरच्या निकालांनी तो वाढवलाही आहे. पण शून्यापासून तीन हजारांपर्यंतचे अंतर हे तीन हजारांपासून पुढच्या कोणत्याही आकड्यापर्यंतच्या अंतरापेक्षा मोठे आहे. ते शून्य लिहिण्यास कोणत्याही कायद्याने आम्हांला कधी भाग पाडले नव्हते.

मग वकील असे का लिहीत राहतो? येथे मी आपणांस कंपनीच्या कचेरीत नेतो, कारण पुष्कळशा बचावांचा उगम तेथे आहे. समजा, वीस लाख देय होतील असे स्पष्ट दिसणाऱ्या दाव्यात सोळा लाखांत तडजोड होण्यासारखी आहे. अधिकाऱ्याने ती केली, तर उद्या हिशेबतपासनीस विचारील की, सोळा का, चौदा का नाहीत? दक्षता विभागाचे पत्र येईल, बढती अडेल. उलट त्याने काहीच केले नाही, चार वर्षांनी वीस लाखांचा हुकूमनामा आणि त्यावर व्याज असे मिळून पंचवीस-सव्वीस लाख भरावे लागले, तर त्याला कोणी जाब विचारणार नाही, कारण तो कोर्टाचा हुकूम आहे. निधीचे नुकसान झाले तरी फायलीला डाग नाही! ज्या व्यवस्थेत शहाणपणाला स्पष्टीकरण द्यावे लागते आणि निष्क्रियतेला लागत नाही, त्या व्यवस्थेत सरसकट नकार हाच सुरक्षित बचाव ठरतो.

या कोंडीतून अधिकाऱ्याला बाहेर काढण्याचे साधन वकिलाच्याच हाती आहे, आणि ते म्हणजे त्याचा लेखी अभिप्राय. ‘कागदपत्रे पाहिली, मृत्यूपूर्वीची मिळकत सिद्ध होण्यासारखी आहे, चालकाचा दोष खबरी जबाब व पंचनामा यांवरून शाबीत होईल, कोष्टकाप्रमाणे रक्कम अमुक येते, सबब अमुक रकमेपर्यंत तडजोड करणे कंपनीच्या हिताचे आहे’ असे चार मुद्दे सही करून, तारीख घालून लिहून देणारा वकील असला की भित्रा अधिकारीही धीर धरतो. यात वकिलाचा तोटा असतो हे मी लपवू इच्छित नाही. तडजोडीची पुरसीस दाखल झाली की पुढच्या तारखांची फी बुडते. आणि रक्कम फार मोठी सुचवली असे वरिष्ठांना वाटले, तर कंपनीच्या वकिलांच्या पॅनेलवरचे नावही जाऊ शकते. परंतु अशिलाशी निष्ठा म्हणजे अशिलाला आवडेल ते लिहिणे नव्हे. अशिलाला पुढे जे भरावे लागणार ते त्याला आज सांगणे, हीच त्याच्याशी निष्ठा. हा हिशेब मांडला म्हणजे माझे आजचे म्हणणे केवळ नीतीचे राहत नाही, ते धंद्याच्या शहाणपणाचेही होते: हाताशी असलेला प्रत्येक बचाव घेणारा वकील कंपनीला महाग पडतो.

कोणते बचाव सोडावेत याची यादी करता येणार नाही, पण कसोटी सांगता येईल. ज्या बचावाने सत्य उजेडात येते तो घ्यावा. ज्याने केवळ काळ जातो किंवा साक्षीदार केवळ अपमानित होतो, तो सोडावा. तरुण विधवेला ‘आपण पुनर्विवाह केला आहे काय, करण्याचा विचार आहे काय’ असे भर कोर्टात विचारणे हा एके काळी इंग्लंडातही प्रचलित उलटतपास होता. न्यायाधीश तिच्याकडे पाहून तिच्या पुनर्विवाहाच्या संभवाचा अंदाज करीत आणि रक्कम कमी करीत. १९७१ साली तेथील संसदेने तो प्रकार कायद्याने बंद केला. चालकाच्या परवान्याचेही तसेच. परवाना बनावट आहे आणि मालकाने डोळे मिटून गाडी त्याच्या हाती दिली, हा मुद्दा लढण्यासारखा आहे. परंतु १९८७ साली निकाली निघालेल्या गुजरातेतील प्रसिद्ध प्रकरणात चालक इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला आणि मागे क्लीनरने गाडी हाकली, एवढ्यावर कंपनीने अंग काढून घेऊ पाहिले. न्यायालयाने विचारले की, यात मालकाने जाणूनबुजून केलेला भंग कोठे आहे? पुढे २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तत्त्व पक्के केले, आणि परवान्याच्या दोषाची शिक्षा तिऱ्हाइताला होऊ नये म्हणून, आधी अर्जदाराला द्या व मग मालकाकडून वसूल करा, हा मार्ग रूढ झाला.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आजचा आहे. आतापर्यंत सांगितलेला इतिहास बचाव कमी होत जाण्याचा होता. नव्या कायद्याने मात्र एक बचाव आमच्या हाती परत दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील यासंबंधीच्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. त्यांत दोष न पाहता मृत्यूपोटी ५ लाख व जबर दुखापतीपोटी अडीच लाख देण्याची उदार तरतूद आहे, आणि त्याचबरोबर अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत आला पाहिजे अशी मुदतही पुन्हा घातलेली आहे. दिवस-कार्य उरकून, कर्त्याच्या नावची खाती-पुस्तके शोधून, वारसाचा दाखला मिळवून सहा महिन्यांत वकिलापर्यंत पोचणे ज्यांना साधणार नाही, अशी कुटुंबे बहुधा दुर्गम भागातली, ऊसतोडीला परजिल्ह्यांत गेलेली, निरक्षर अशी असतील. त्यांचा अर्ज सातव्या महिन्यात आला, तर ‘अर्ज मुदतबाह्य’ ही दोन शब्दांची कैफियत देऊन मोकळे होणे फार सोपे आहे.

परंतु त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, पोलिसांनी पाठवलेला अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणूनच धरावा. नियमांप्रमाणे पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत जायचा असतो, आणि त्याच्या प्रती विमा कंपनीकडेही येतात. म्हणजे अर्जदार बाईंना ज्याची गंधवार्ता नाही, तो मुदतीतला कागद पुष्कळदा सामनेवाल्याच्या वकिलाच्या फायलीत असेल. तेव्हा मुदतीची हरकत घेऊन तो कागद मिटून ठेवायचा, की उभे राहून ‘अहवाल मुदतीत दाखल आहे, अर्ज त्यावरून चालावा, आता रकमेचे बोलू’ असे सांगायचे, याचा निर्णय कायद्याने आमच्यावर सोडलेला आहे. कँपबेलसाहेबांच्या कायद्यापूर्वीच्या वकिलांना आपण आज नावे ठेवतो, कारण त्यांच्या हाती असलेला बचाव त्यांनी घेतला. आमच्या हाती असलेल्या बचावाचे आम्ही काय केले, हे विचारणारेही पुढे कोणीतरी असेलच. आणि या सभागृहात बसलेल्या तरुण वकिलांनी आपले उत्तर निकालपत्राची वाट न पाहता, पुढच्या तारखेच्या कैफियतीतच लिहावे, एवढी माझी विनंती आहे.